‘सेकंड शिफ्ट’ची हजेरी

४ एप्रिल, शुक्रवार

आलो एकदाचा सोलापूरला. अकलूजपासून टेम्पोत पुढं बसून आलो, मांडीवर रेकॉर्ड प्लेअर आणि पायाशी रेकॉर्डची दोन खोकी. टेम्पोवाल्यानं विचारलं, काचसामान आहे का. मी म्हटलं, त्याहून नाजूक आहे. मागचं सामान बघून त्याला माझी कीव आली असावी. एक कॉट, एक टेबलफॅन, दोन पातेली आणि बावन्न वर्षांचा मालक. उतरवून घ्यायला त्यानं आपणहून मदत केली आणि चहासुद्धा त्यानंच पाजला.

खोली झकास आहे. सात रस्त्यापासून चालत दहा मिनिटं, बंद पडलेल्या गिरणीच्या मागच्या गल्लीत, वरचा मजला. खिडकीला रुंद दगडी कट्टा आहे, त्यावर बसलं की गिरणीची भिंत आणि तिच्यावर उगवलेला पिंपळ दिसतो. घरमालकीण बाळाबाई खाली एकट्याच राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, पण जिना माझ्यापेक्षा भराभर चढतात. त्यांनी दोनच गोष्टी बजावल्या. पाणी चार दिवसांआड येतं, तेव्हा झोपून राहायचं नाही. आणि स्वयंपाकघराच्या माळ्यावर त्यांची पेटी आहे, तिला हात लावायचा नाही. मग विचारलं, दुपारचं घरात असता का. मी म्हटलं, छे, नऊ ते सहा नोकरी. तेव्हा कुठं त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

सोमवारपासून टॉवेलच्या कारखान्यात, रंगखात्याच्या प्रयोगशाळेत रुजू व्हायचंय. पंचवीस वर्षं साखर कारखान्यात उसाच्या रसाची गोडी मोजली, आता रंगाचा पक्केपणा मोजू. बाळाबाईंनी रात्री कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवली. चटणी इतकी तिखट की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या निमित्तानं दोन वर्षांचं साचलेलंही थोडं वाहून गेलं.

६ एप्रिल, रविवार

पिंकीला फोन केला. आमची पद्धत ठरलेली आहे. मी मास्तरांच्या आवाजात पुकारायचं, ‘प्रियदर्शनी जोतिराम वाघमोडे’, आणि तिनं ‘हाजर’ म्हणायचं. बालवाडीपासूनचा खेळ. आता ती पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तरी अजून म्हणते. कधी ती उलट माझं नाव पुकारते, आणि मी उत्तर द्यायला उशीर केला की माझ्या वतीनं स्वतःच ‘हाजर’ ठोकून मोकळी होते. तिला दम निघत नाही, आईवर गेली आहे.

आई, म्हणजे सुकन्या, दोन वर्षांपूर्वी बार्शीला माहेरी निघून गेली. तिची तक्रार एकच होती. म्हणायची, भांडण चाललेलं असतं तेव्हासुद्धा तुमची बोटं टेबलावर ठेका धरतात. खोटं नाही. मला बोलायला सुचत नाही तेव्हा मी वाजवतो.

पिंकीची परीक्षा संपली की सत्तावीस तारखेला, रविवारी, ती माझ्याकडे येणार आहे. आठ दिवस राहीन म्हणाली. कॅलेंडरवर लाल गोल केला.

९ एप्रिल, बुधवार

पाळी बदलली. आता सकाळी सहा ते दोन. पावणेतीनला घरी येतो आणि मग समोर अख्खी दुपार पडलेली असते. बेचाळीस डिग्री. गल्लीत कुत्रंही हलत नाही. मागच्या आळीत पद्मशाली विणकरांचे माग चालू असतात, त्यांचा खडखडाट तेवढा सोबतीला. बाळाबाईंना पाळीचं सांगायचं राहून गेलं. त्या दुपारी दाराला कडी लावून घेतात.

आज एकटेपणाचा कहर झाला म्हणून माळ्यावर चढलो. भाड्याच्या घरातल्या माणसानं करू नये ते केलं आणि पेटी उघडली. वर एक जुना कोट, खाली ड्रम वाजवायच्या काड्यांची जोडी, आणि सगळ्यात खाली गुंडाळून ठेवलेली एक रेकॉर्ड.

आयुष्यभर जुन्या बाजारात उकिडवा बसून मी शेकडो रेकॉर्ड उपसल्या आहेत. ही कधी पाहिली नाही, ऐकली नाही. कव्हरवर रंगवलेल्या पडद्यापुढं सुटाबुटातले चार गृहस्थ उभे आहेत. नाव ‘सेकंड शिफ्ट’. साल १९८३. एकाच बाजूला गाणी, दुसरी बाजू कोरी. मधल्या लेबलवर मराठीत पाच नावं: चन्नप्पा, सॅक्सोफोन. मल्लप्पा, गिटार. शरणबसव, बेस गिटार. बिभीषण, इलेक्ट्रिक पियानो. कोंडीबा, ड्रम्स. गिरणी कामगारांनी जॅझ वाजवलंय, तेही सोलापुरात.

१० एप्रिल, गुरुवार

लावली. काय सांगू. मोठ्या हॉटेलात कुणी ऐकत नसतानाही वाजत असतं तसलं मऊ, संथ जॅझ, पण यात लग्नाच्या बँडचा ओलावा आहे. सॅक्सोफोन असा येतो की कुणीतरी शेजारी बसून पाठीवरून हात फिरवतंय. मी तीनदा ऐकली.

गंमत सुरुवातीलाच आहे. गाण्याआधी कुणीतरी गिरणीच्या गेटवर घेतात तशी हजेरी घेतो. बहुतेक चन्नप्पाच, कानडी वळणाचा आवाज. मल्लप्पा, हाजर री. शरणबसव, हाजर. बिभीषण, हाजर. मग कोंडीबा. इथं शांतता. खुर्ची सरकल्याचा आवाज, कुणाचा तरी खोकला. पुन्हा एकदा, जरा वाट बघितल्यासारखं, कोंडीबा. मग उसासा, आणि ड्रमशिवायच गाणं सुरू होतं. म्हणजे नाव छापलं, पण माणूस आलाच नाही. सगळ्या रेकॉर्डवर ठेक्याची जागा रिकामी आहे, जेवणाच्या पंगतीत एक पान मोकळं राहावं तशी.

१३ एप्रिल, रविवार

संग्राहकांच्या गटात फोटो टाकले. कुणालाही माहीत नाही. एकानं तर मी घरी बसून कव्हर बनवलं असं सुचवलं. गेले उडत.

रोज साडेतीनला लावतो. ती गिरणीच्या दुसऱ्या पाळीची वेळ, म्हणून. हल्ली पाळी सुटली की कुणीतरी घरी वाट बघतंय असं वाटून पाय उचलतात. टेबलावर बोटांनी रिकाम्या जागी ठेका भरतो. छान बसतो. बाळाबाईंना सांगावंसं वाटतं, पण मग पेटी उघडल्याचंही सांगावं लागेल.

१५ एप्रिल, मंगळवार

आज दिवसभरात मी एकूण चार वाक्यं बोललो, त्यातली दोन रिक्षावाल्याशी. पिंकीचा अभ्यास चालू आहे म्हणून फोनही नाही. आतून पार कोरडा झालो होतो. साडेतीनला रेकॉर्ड लावली. कोंडीबा, असा पुकारा झाला, मग ती शांतता. मला त्या चौघांची दया आली. बेचाळीस वर्षं एका माणसासाठी थांबलेत बिचारे. मी सहज, पिंकीशी खेळतो तसं, मोठ्यानं म्हटलं, ‘हाजर.’

आवाज खोलीत जरा जास्तच घुमला. बस्स, एवढंच. पण बरं वाटलं.

१६ एप्रिल, बुधवार

नीट लिहितो, म्हणजे उद्या वाचून मला माझं हसू येईल.

आज पुकारा झाला आणि रेकॉर्डमधून उत्तर आलं. हाजर. किंचित घोगरा आवाज. माझा आवाज. मग गाणं सुरू झालं आणि त्यात ड्रम होते. अगदी हलक्या हातानं वाजवलेले. गेले चार दिवस मी टेबलावर धरतोय तोच ठेका, तिसऱ्या मात्रेला माझं बोट नेहमी घसरतं त्या घसरण्यासकट.

पहिल्यांदा आनंद झाला. खोटं कशाला लिहू. कुणीतरी मला आपल्यात घेतलं असं वाटलं. घाम नंतर फुटला. मी टेबलाकडं पाहिलं, तर माझे हात मांडीवर होते.

१८ एप्रिल, शुक्रवार

कारखान्याच्या दारावरचं हजेरीचं यंत्र माझा अंगठा ओळखत नाही. काल नाही, आज नाही. बोट पुसलं, ओलं केलं, दुसरं लावलं. पर्यवेक्षक शिवराज यादी घेऊन आला आणि त्यानं माझं नाव पुकारलं. मी त्याच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. आहे म्हटलं. त्यानं इकडंतिकडं बघून माझ्या नावापुढं गैरहजर लिहिलं. मी त्याचा दंड धरला तेव्हा दचकला, म्हणाला, वाघमोडेसाहेब, कधी आलात.

फोनची काचही माझं बोट घेत नाही. दहादा घासल्यावर एकदा घेते.

रेकॉर्ड आज लावली नाही. साडेतीनला पुकारा तरीही झाला. प्लेअर बंद होता. कोंडीबा नाही, माझंच नाव पुकारलं. जोतिराम. मी उत्तर दिलं नाही. पुकारा थांबेना. पाच वाजता मी हाजर म्हटलं, तेव्हा थांबला.

२० एप्रिल, रविवार

पिंकीचा फोन आला. घासून घासून उचलला. ती हसत म्हणाली, जोतिराम वाघमोडे. मी ओरडलो, पिंकी, ऐक. तिला ऐकू गेलं नाही. क्षणभर थांबून तिनं माझ्या वतीनं ‘हाजर’ म्हणून टाकलं, नेहमीसारखं. मग म्हणाली, बाबा, नुसती टकटक ऐकू येतेय, टेबल वाजवणं थांबवा आणि बोला. मी टेबलाजवळही नव्हतो.

शेवटी तिचा आवाज बारीक झाला. म्हणाली, रागावलात का, मी रविवारी येतेय, तेव्हा बोलू.

मेसेज लिहायला गेलो. काच बोट घेत नाही.

२१ एप्रिल, सोमवार

पाणी आलं आणि मी नळ उघडला नाही, म्हणून बाळाबाई वर आल्या. त्यांना मी दिसतो. ऐकूही येतो. प्लेअरवरची रेकॉर्ड बघून त्या दारातच खाली बसल्या. म्हणाल्या, ‘दुपारचं घरात नसतो म्हनला हुतास की रं.’

कोंडीबा त्यांचा नवरा. पाचही जण दुसऱ्या पाळीत, मागावर. मुंबईच्या हॉटेलात कायमचं वाजवायला जायचं ठरलं होतं. मूल लहान, म्हणून रेकॉर्डिंगच्या दिवशी बाळाबाईंनी नवऱ्याला या खोलीत कोंडून बाहेरून कडी घातली. तो दार बडवत राहिला. ते चौघे गिरणीच्या क्लबाच्या हॉलमध्ये त्याची वाट बघत बसले. होतं तेवढं रेकॉर्ड करून मुंबईचा माणूस टेप घेऊन निघून गेला, तरी हे उठले नाहीत. वायरिंगनं पेट घेतला तेव्हाही आतच होते, चौघेही जळून गेले. बाळाबाई म्हणाल्या, ‘गिरणीत असंच असतंय. आपल्या जागी मानूस आल्याबिगर जागा सोडायची न्हाय. आनि नाव पुकारल्यावर तो मानूस नसला, तर गेटावर हुबा असलेला कुनीबी हाजर म्हनतो आनि त्येच्या जागी आत जातो. जो आदी म्हनंल त्यो.’

पुढं तीस वर्षं कोंडीबाला रोज साडेतीनला पुकारा ऐकू यायचा. बाळाबाई त्याच्या तोंडात फडकं कोंबून त्याला धरून बसायच्या. तो एकदाही बोलला नाही, आणि अंथरुणावर शांतपणे गेला. मी विचारलं, मग ही मोडून का नाही टाकली. म्हणाल्या, ‘त्येंचं नाव छापलेलं तेवढंच हाय जगात. मला वाचाया येत न्हाय, पर कुटं हाय ते ठावं हाय.’ आणि बोट ठेवायला वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या.

पाचव्या ओळीत कोंडीबा नाही. जोतिराम, ड्रम्स, असं छापलं आहे. अक्षरं जुनीच, कडेला पिवळी पडलेली.

त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘माजा मानूस पुसलास की रं तू.’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२२ एप्रिल, मंगळवार

बाळाबाई घराला कुलूप लावून मंगळवेढ्याला भाचीकडं गेल्या. जाताना वर बघितलं नाही. आता मला बघणारं कुणी नाही.

रेकॉर्ड वाकवून मोडायला गेलो. ती वाकली तशी माझी छाती वाकली, बरगडी कडकडली. सोडून दिली. प्लेअरवरून नुसती उचलली तरी श्वास थांबतो. प्लग काढला तरी तेच.

२४ एप्रिल, गुरुवार

कामावर जात नाही. गैरहजर असायला कशाला जायचं. हात सारखे वाजवतात. भिंतीवर, कॉटवर, माझ्याच गुडघ्यावर. पेन धरलं की तेवढा वेळ थांबतात, म्हणून लिहितो.

साडेतीनला हाजर म्हणतो. मी म्हटलं नाही तर ते दुसऱ्याला घेतील. घरात जो असेल त्याला.

आज दुपारी एक घाण विचार आला. दुसऱ्या कुणी आधी हाजर म्हटलं तर मी सुटेन. विचार आला आणि चक्क बरं वाटलं — मग तो दुसरा कोण असेल ते डोळ्यांसमोर आलं. बेसिनमध्ये ओकलो.

२६ एप्रिल, शनिवार

मोठ्या अक्षरांत कागद लिहून जिन्याच्या दारावर चिकटवला. पिंकी, आत येऊ नकोस. परत जा. मी बरा आहे. बाबा.

तीनदा खाली जाऊन बघितलं. आहे. ती वाचेल आणि — रागावून जाईल. जाऊ दे. आईसारखीच — जाऊ दे.

ते चौघे आता गाण्यांच्या मधे बोलतात. माझ्याशी. चहा घेणार का म्हणतात. प्रेमानं.

२७ एप्रिल, रविवार

सकाळी कागद काढला.

मीच. एकदा बघायचं होतं तिला. फक्त दारातून — परत लावणार होतो. लावतो म्हणता म्हणता तीन वाजले. बावन्न वर्षांच्या माणसाला एवढंही जमू नये.

३.१०. आली. पाठीला सॅक. केस कापलेत. मला म्हणाली नव्हती.

बाबा, बाबा म्हणत दोन्ही खोल्या फिरली. मी खिडकीच्या कट्ट्यावर आहे. तिची नजर माझ्यावरून भिंतीपलीकडच्या पिंपळावर गेली. फोन लावला. तो टेबलावर वाजला. आता कॉटवर बसलीय, माझा शर्ट मांडीवर घेऊन. रडतेय. मी खांद्यावर हात ठेवला तर — ठेका — तिच्या खांद्यावर ठेका वाजवायला लागला. काढून घेतला. ती दचकून वर बघतेय.

३.२६. प्लेअर दिसला तिला. डोळे पुसून हसली. बाबांची नवी रेकॉर्ड, म्हणाली. पिंकी नको. ओरडतोय. नको. सुई —

खरखर. मल्लप्पा. हाजर री.

शरणबसव —

आवाज फुटेना. घसा नुसता टकटक करतोय. पिंकी हाताच्या बोटांनी मांडीवर — तीही माझ्यासारखीच —

बिभीषण. हाजर.

आता माझं. म्हणायचं. उशीर नको. तिला दम निघत नाही, मी उशीर केला की ती —

जोतिराम, म्हणाला. तिनं मान वर केली. ओळखलं. हसतेय. खेळ वाटतोय तिला. तोंड उघडतेय. देवा, तिच्या आधी, फक्त तिच्या आधी, हाज